भाराखालील अभियांत्रिकी संरचनांचे अरेषीय वर्तन : कोयना धरणाच्या विशेष संदर्भात एक विवेचन

सारांश :
अभियांत्रिकी संरचनांचे विश्लेषण बहुतांशी रेषीय गृहीतकावर आधारलेले असते. भार दुप्पट केल्यास विस्थापनही दुप्पट होते, हे ते गृहीतक होय. दैनंदिन वापरातील भारांपुरते ते पुरेसे ठरते. परंतु संरचना तिच्या मर्यादेजवळ पोहोचते तेव्हा हे गृहीतक कोलमडते आणि नेमक्या त्याच वेळी संरचनेच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात अरेषीय वर्तनाची कारणे, त्याचे प्रकार व त्याच्या गणनाची पद्धती यांचे विवेचन केले असून कॅनडातील क्वेबेक पूल (१९०७) व महाराष्ट्रातील कोयना धरण (१९६७) या दोन घटनांच्या आधारे त्याचे व्यावहारिक महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : रेषीय व अरेषीय वर्तन, प्रतिबल, विकृती, ताठरता, बकलिंग, तन्यता, कोयना धरण.

१. प्रस्तावना

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये स्प्रिंगच्या प्रसरणासंबंधीचा आपला नियम प्रसिद्ध केला. लावलेले बल व त्यामुळे होणारे प्रसरण एकमेकांच्या सम प्रमाणात असतात, हा त्या नियमाचा आशय सर्वपरिचित आहे. पुढील तीन शतकांत पूल, इमारती, धरणे व यंत्रे यांच्या संकल्पनाचा फार मोठा डोलारा याच नियमाच्या पायावर उभा राहिला. या नियमाची मोहिनी त्याच्या साधेपणात आहे. इमारतीच्या स्वतःच्या वजनाचा परिणाम वेगळा काढावा, माणसे व सामान यांच्या भाराचा वेगळा, वाऱ्याचा वेगळा. आणि शेवटी सर्वांची बेरीज करावी. यास अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात. हे तत्त्व केवळ रेषीय जगातच खरे असते.

प्रत्यक्षातील कोणताही पदार्थ अमर्याद भारापर्यंत हूकचा नियम पाळत नाही आणि कोणतीही संरचना भाराखाली आपला मूळ आकार जसाच्या तसा राखीत नाही. भार अल्प असतो तोवर हा फरक नगण्य असतो. तथापि भूकंप, वादळ, महापूर किंवा बांधकामातील चूक अशा प्रसंगी हाच फरक निर्णायक ठरतो. म्हणून अरेषीय वर्तन हा केवळ उच्च गणिताचा विषय नसून तो मनुष्यजीविताशी थेट निगडित असा विषय आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) रेषीय व अरेषीय वर्तनातील मूलभूत भेद सोप्या उदाहरणाने स्पष्ट करणे.
(२) अरेषीय वर्तनाच्या प्रमुख प्रकारांचा परिचय करून देणे.
(३) क्वेबेक पूल व कोयना धरण या घटनांचा अरेषीयतेच्या दृष्टीने विचार करणे.
(४) भारतीय मानकांमध्ये या वर्तनाचा स्वीकार कशा प्रकारे झाला आहे ते पाहणे.

३. रेषीय व अरेषीय : एक साधे उदाहरण

एका काल्पनिक आधाराचा विचार करू. त्याचे विस्थापन सेंटिमीटरमध्ये व त्याने दिलेला प्रतिकार किलोन्यूटनमध्ये मोजला आहे. प्रतिकाराचे सूत्र असे समजावे : विस्थापनाची दहापट वजा विस्थापनाचा वर्ग. आरंभी विस्थापन अगदी लहान असल्याने वर्गाचे पद नगण्य असते आणि आधार दर सेंटिमीटरला १० किलोन्यूटन प्रतिकार करतो. हीच त्याची आरंभीची ताठरता होय.

आता १६ किलोन्यूटन भार लावल्यास रेषीय गणनाप्रमाणे विस्थापन १.६ सें.मी. येईल. खरे उत्तर मात्र २ सें.मी. आहे, कारण २ च्या दहापटीतून २ चा वर्ग वजा केल्यास बरोबर १६ उरतात. भार दीडपट करून २४ किलोन्यूटन केला तर रेषीय उत्तर २.४ सें.मी.; खरे उत्तर ४ सें.मी. म्हणजे भार दीडपट झाला आणि विस्थापन दुप्पट झाले. अध्यारोपणाचे तत्त्वही येथे टिकत नाही. ८ किलोन्यूटन भाराला विस्थापन सुमारे ०.८८ सें.मी. येते. असे दोन भार एकत्र आल्यास बेरजेने १.७६ सें.मी. मिळावयास हवे, प्रत्यक्षात ते २ सें.मी. असते.

याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे. विस्थापन ५ सें.मी. झाले की प्रतिकार २५ किलोन्यूटन होतो व हाच त्याचा उच्चांक असतो. त्यापुढे आधार अधिक भार घेऊच शकत नाही. येथे त्याची ताठरता शून्य होते. परंतु रेषीय सूत्राला हे ठाऊक नसते. त्याला ५० किलोन्यूटन भाराविषयी विचारले तरी ते निःशंकपणे ५ सें.मी. असे उत्तर देते. रेषीय विश्लेषणाच्या शब्दकोशात कोसळणे हा शब्दच नाही, ही त्याची खरी मर्यादा होय. संगणकाच्या छापील निष्कर्षातील तीन-चार दशांश स्थळे पाहून त्या निष्कर्षाविषयी जो विश्वास वाटतो, तो या मर्यादेच्या अलीकडेच सार्थ असतो.

४. अरेषीय वर्तनाचे प्रकार

४.१ पदार्थजन्य अरेषीयता
सौम्य पोलादाचे उदाहरण घेऊ. त्याचा यंगचा गुणांक सुमारे २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर व यील्ड प्रतिबल सुमारे २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असते. यावरून यील्ड बिंदूपाशी विकृती ०.००१२५ येते, म्हणजे एक मीटर लांबीची सळई जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढलेली असते. येथवर ती रेषीय असते व भार काढल्यास पूर्ववत होते. मात्र चाचणीच्या नमुन्यात तुटण्यापूर्वीची वाढ मूळ लांबीच्या २० टक्क्यांहून अधिक भरते. रेषीय टप्पा हा पोलादाच्या एकूण आयुष्यातील किती लहान भाग आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसून येते. यील्डनंतरच्या या वाढीस आकार्य विकृती म्हणतात आणि न तुटता असे ताणले जाण्याच्या गुणास तन्यता म्हणतात.

काँक्रीटची तऱ्हा वेगळी आहे. दाबाखाली ते बऱ्यापैकी सक्षम असते, पण ताणाखाली दुर्बळ. आय. एस. ४५६ (२०००) या भारतीय मानकानुसार एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचे वाकताना मिळणारे ताणसामर्थ्य ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकेच धरले जाते. ही मर्यादा ओलांडली की तडा जातो आणि त्या छेदाची ताठरता एकदम घटते. म्हणजेच सळईयुक्त काँक्रीटची तुळई नित्याच्या भाराखालीही तडकलेल्या, अर्थात अरेषीय अवस्थेत काम करीत असते.

४.२ भौमितिक अरेषीयता
येथे पदार्थ नव्हे, तर आकार बदलतो. पावसाळ्यात वाऱ्याच्या झोताने छत्री उलटते, तेव्हा तिच्या काड्या तुटलेल्या नसतात. वाऱ्याचा जोर वाढत असता छत्री थोडी थोडी चेपत जाते आणि एका क्षणी ‘फट्’ आवाज करून दुसऱ्याच आकारात जाते. उथळ कमानी व पातळ कवच-छते यांच्या बाबतीतही हेच घडू शकते. एकाच भाराला दोन वेगवेगळ्या समतोल अवस्था संभवतात, ही गोष्ट रेषीय सिद्धांतात बसत नाही.

सडपातळ स्तंभाचे बकलिंग हा याच वर्गातील प्रकार होय. लिओनार्ड ऑयलर याने १७४४ मध्ये त्याचे गणित मांडले. स्तंभ ज्या भाराला बाजूस वाकून निकामी होतो त्यास क्रांतिक भार म्हणतात. प्रत्यक्षातील कोणताही स्तंभ काटेकोर सरळ नसतो. समजा, त्यास मुळात १० मि.मी. बाक आहे. भार क्रांतिक भाराच्या २० टक्के असताना हा बाक १२.५ मि.मी. होतो; ५० टक्क्यांना २० मि.मी.; ८० टक्क्यांना ५० मि.मी. आणि ९० टक्क्यांना १०० मि.मी. शेवटच्या टप्प्यात भार आठवा हिस्सा वाढला असता बाक दुप्पट होतो. बाकामुळे नमन, नमनामुळे अधिक बाक, असे हे दुष्टचक्र असते.

४.३ सीमा व स्पर्श यांमुळे येणारी अरेषीयता
दोन भाग एकमेकांना टेकतात किंवा विलग होतात तेव्हा संरचनेचे आधारच बदलतात. भूकंपात पायाची एक कड उचलली जाणे, शेजारच्या दोन इमारती एकमेकींवर आदळणे, तडा उघडणे व पुन्हा मिटणे ही त्याची उदाहरणे होत.

५. क्वेबेक पूल : वाढत्या बाकाची पूर्वसूचना

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवरील क्वेबेक पूल बांधकाम चालू असतानाच २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला व ७५ कामगार मृत्युमुखी पडले. पुलाचा मुख्य गाळा मूळच्या १,६०० फुटांवरून १,८०० फूट करण्यात आला होता. परंतु स्ववजनाचे आरंभीचे अंदाज त्यानुसार वेळीच सुधारले गेले नाहीत. परिणामी खालच्या बाजूच्या दाबाखालील पोलादी अवयवांवर अपेक्षेहून अधिक भार आला.

अपघातापूर्वीच्या दिवसांत त्यांतील एका अवयवाचा बाक मोजण्यात आला होता. तो सुमारे पाऊण इंचावरून थोड्याच काळात सव्वादोन इंचांवर गेला. हा बाक कारखान्यातूनच आलेला असावा, की भाराखाली वाढत आहे, असा वाद अभियंत्यांत चालू राहिला. न्यूयॉर्कमधील सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांनी पुलावर आणखी भार न घालण्याची तार त्याच दिवशी केली. पण पूल सायंकाळपर्यंत पडला होता.

वरील विभागातील आकड्यांच्या प्रकाशात या घटनेकडे पाहिल्यास तिचा अर्थ उमगतो. रेषीय दृष्टीने पाहणाऱ्यास दीड इंचाची वाढ किरकोळ वाटेल. अरेषीय दृष्टीने पाहणाऱ्यास बाक किती आहे यापेक्षा तो कोणत्या गतीने वाढत आहे हे महत्त्वाचे वाटते. तिप्पट झालेला बाक म्हणजे अवयव क्रांतिक भाराच्या निकट आल्याची सूचना होती. चौकशीत त्या अवयवाच्या घटक पट्ट्यांना एकत्र बांधणारी जाळीही अपुरी असल्याचे आढळले. पूल नव्याने संकल्पित होऊन १९१७ मध्ये पूर्ण झाला.

६. कोयना धरण : तडकलेले, तरीही उभे

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण कोयना धरणाचे आहे. सुमारे १०३ मीटर उंचीचे हे दगडमिश्रित काँक्रीटचे गुरुत्व धरण आहे. म्हणजे ते स्वतःच्या वजनाच्या बळावर पाण्याचा दाब पेलते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे त्याच्या परिसरात सुमारे ६.३ ते ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर परिसरात मोठी जीवितहानी झाली. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक मानले जात असे.

धरणाच्या संकल्पनात भूकंपासाठी गुरुत्वीय त्वरणाच्या ५ टक्के इतके आडवे बल स्थिर स्वरूपात धरलेले होते. धरणातील उपकरणावर नोंदलेले त्वरण धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ६३ टक्के व प्रवाहाच्या दिशेने सुमारे ४९ टक्के होते. अर्थात गृहीत धरलेल्या बलाच्या कितीतरी पट. तरीही धरण फुटले नाही. सांडव्याखेरीजच्या उंच ठोकळ्यांत, दोन्ही मुखांवर, आडवे तडे गेले. हे तडे मुख्यत्वे माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, म्हणजे जेथे खालच्या मुखाचा उतार एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास होते.

या घटनेचे विश्लेषण पुढे जगभर झाले. अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदलेल्या भूकंपाचा वापर करून धरणाचे रेषीय गतिक विश्लेषण केले. उतार बदलतो त्याच पातळीजवळ काँक्रीटच्या ताणसामर्थ्याहून बरेच अधिक ताण प्रतिबल येते, असे त्यातून दिसले. म्हणजे तडे कोठे जातील, हे रेषीय विश्लेषणाने अचूक सांगितले.

पण येथेच त्याची सीमा संपते. सामर्थ्याहून अधिक प्रतिबल ही स्वतःमध्येच एक विसंगती आहे. कारण तेवढे प्रतिबल येण्यापूर्वीच काँक्रीट तडकलेले असते आणि त्यापुढे आतील बलांची वाटणी पूर्णपणे बदललेली असते. तडा किती खोल जाईल, तो आरपार गेल्यास वरचा ठोकळा घसरेल की उलथेल, धरण पाणी अडवून धरील की नाही, या प्रश्नांना रेषीय विश्लेषणापाशी उत्तर नसते. धरणाखालील गावांच्या दृष्टीने मात्र हेच प्रश्न खरे असतात.

अरेषीय विश्लेषणात चित्र पुढीलप्रमाणे उलगडते. तडा गेल्यावर धरणाच्या वरच्या भागाची ताठरता घटते व त्याची आंदोलने मंदावतात. धरण एका बाजूस झुकले की एका मुखावरील तडा उघडतो. ते परत फिरले की वरच्या ठोकळ्याच्या वजनाने तो मिटतो आणि दाब पुन्हा वाहू लागतो. तडा वाढताना व त्याच्या पृष्ठभागांत घर्षण होताना भूकंपाची काही ऊर्जा खर्ची पडते. शिवाय जोराचे धक्के काही सेकंदांचेच असल्याने वरच्या भागास एका दिशेने उलथण्याइतका अवधी मिळत नाही. कोयनेचा अनुभव या चित्राशी जुळतो. पुढे सांडव्याखेरीजच्या भागास खालच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन धरण मजबूत करण्यात आले.

संशोधकांसाठी कोयना ही एक कसोटीच बनली आहे. काँक्रीटच्या तड्यांचे नवे गणिती प्रारूप तयार झाले की त्याची पडताळणी अनेकदा याच धरणावर केली जाते. कारण येथे धरणाचा आकार, भूकंपाची नोंद व प्रत्यक्ष तड्यांची जागा, तिन्ही उपलब्ध आहेत.

७. गणनाची पद्धती

अरेषीय समीकरण एका दमात सुटत नाही. त्यासाठी भार टप्प्याटप्प्याने लावला जातो व प्रत्येक टप्प्यात न्यूटन-रॅफसन पद्धतीने उत्तराजवळ पोहोचले जाते. तिसऱ्या विभागातील आधार व १६ किलोन्यूटन भार पुन्हा घेऊ. आरंभीच्या ताठरतेने पहिले उत्तर १.६ सें.मी. येते. या विस्थापनाला आधाराचा खरा प्रतिकार १३.४४ किलोन्यूटन असतो, म्हणजे २.५६ किलोन्यूटन भार असंतुलित राहतो. या ठिकाणची नवी ताठरता ६.८ असल्याने विस्थापनात सुमारे ०.३७६ ची भर पडते व दुसरे उत्तर १.९७६ येते. तिसऱ्या फेरीत ते १.९९९९ होते. तीन फेऱ्यांत उत्तर जवळजवळ तंतोतंत मिळते.

उच्चांकाजवळ मात्र ताठरता शून्य होते आणि शून्याने भागण्याचा प्रसंग येऊन ही पद्धत अडखळते. अशा वेळी भार स्थिर न ठेवता भार व विस्थापन यांच्या आलेखावर ठराविक अंतर चालत जाण्याची चापलांबी पद्धत वापरली जाते. १९७० च्या दशकात ई. रिक्स यांच्या कार्यातून ती पुढे आली. तिच्या साहाय्याने उच्चांकापलीकडील उतरणीचाही मागोवा घेता येतो.

काँक्रीटच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. केवळ ताणसामर्थ्याची मर्यादा धरून तडा ठरविल्यास उत्तर संगणकीय जाळीच्या घटकांच्या आकारावर अवलंबून राहते. जाळी बारीक केली की धरण अधिक दुर्बळ भासू लागते. हा दोष टाळण्यासाठी तड्याचे एकक क्षेत्रफळ निर्माण करण्यास लागणारी ऊर्जा हा पदार्थाचा गुणधर्म म्हणून वापरला जातो. ए. हिलरबोर्ग व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हा विचार मांडला.

८. भारतीय मानके व बांधकाम-व्यवहार

१९६७ च्या भूकंपानंतर आय. एस. १८९३ या मानकाच्या १९७० च्या आवृत्तीत कोयना परिसराचा समावेश चौथ्या भूकंप-क्षेत्रात करण्यात आला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर २००२ च्या आवृत्तीत नकाशा पुन्हा बदलला.

या मानकातील प्रतिसाद-घट गुणक येथे विशेष उल्लेखनीय आहे. २००२ व २०१६ या दोन्ही आवृत्त्यांत तन्य तपशिलाच्या विशेष काँक्रीट चौकटीसाठी तो ५ आहे. याचा अर्थ असा की इमारत पूर्णतः रेषीय राहिली असती तर तिच्यावर जे बल आले असते, त्याच्या पाचव्या हिश्श्यासाठीच तिचे संकल्पन केले जाते. उरलेली जबाबदारी पोलादाच्या आकार्य विकृतीवर, म्हणजेच अरेषीय वर्तनावर सोपविलेली असते. संकल्पनकार रेषीय विश्लेषण करीत असला तरी त्याची भिस्त अरेषीयतेवरच असते.

हा विश्वास सार्थ ठरण्यासाठी आय. एस. १३९२० मधील तपशील पाळावे लागतात. खांबातील रिंगांचे हूक १३५ अंशांत वळवून आत घेणे, तुळई-खांबाच्या सांध्याजवळ रिंगा जवळजवळ बांधणे या बाबी कामावरील मंडळींना कटकटीच्या वाटतात. परंतु काँक्रीटचे बाह्य आवरण गळून पडल्यावर ९० अंशांचे हूक उघडतात आणि उभ्या सळया बाक घेतात. मग गुणकातील ५ हा आकडा कागदावरच राहतो.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० कि.मी.हून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवलेल्या अनेक इमारती कोसळल्या. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे ताठरता मिळते व सर्व विस्थापन तळमजल्याच्या खांबांत एकवटते. खांब झुकले की वरचा संपूर्ण भार त्या झुकावाला आणखी वाढवितो. पदार्थजन्य व भौमितिक अरेषीयता येथे हातात हात घालून येतात. मुंबई-पुण्यासह महाराष्ट्रातील शहरांत अशा इमारतींची संख्या मोठी असल्याने हा मुद्दा केवळ शेजारच्या राज्यापुरता उरत नाही.

९. निष्कर्ष

(१) रेषीय विश्लेषण ही नित्याच्या भारांसाठी उपयुक्त व आवश्यक पद्धत आहे. परंतु तिच्यातून संरचनेच्या अंतिम क्षमतेचे उत्तर मिळत नाही.
(२) अरेषीय वर्तनात परिणामांची बेरीज करता येत नाही. भारांचे प्रत्येक संयोजन व त्यांचा क्रम यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो.
(३) क्वेबेक पुलाच्या घटनेवरून विस्थापनाच्या परिमाणाइतकेच त्याच्या वाढीच्या गतीकडेही लक्ष देण्याची गरज स्पष्ट होते.
(४) कोयनेत रेषीय विश्लेषणाने तड्यांची जागा दाखविली. धरण का टिकले, याचा उलगडा मात्र अरेषीय विचारानेच होतो.
(५) अरेषीयता ही सदैव शत्रू नसते. आकार्य विकृती इमारतीस भूकंपात तारते, तर बकलिंग पूर्वसूचना न देता घात करू शकते. पहिलीस वाव देणे व दुसरीस अटकाव करणे हेच संकल्पनाचे खरे कौशल्य होय.

पदवी स्तरावरील अभ्यासक्रमात विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ रेषीय सूत्रांच्या सरावात जातो. त्यासोबत एखाद्या साध्या अरेषीय आधाराचे हाताने केलेले गणित आणि कोयनेसारखे आपल्याच भूमीतील एक उदाहरण वर्गात मांडले गेले, तर संगणकाने दिलेल्या उत्तरावर विसंबण्यापूर्वी ते कोणत्या गृहीतकावर उभे आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागेल. उद्याच्या संकल्पनकाराला प्रगत आज्ञावलीइतकीच या सवयीचीही गरज आहे.